प्रसाद एकट्यानं खायचा नसतो

डबीतल्या गोळ्या आज पुन्हा चारने कमी होत्या. गहिनीनाथने त्या तळहातावर ओतल्या, बोटाने एकेक सरकवत मोजल्या, परत भरल्या आणि पुन्हा ओतल्या. दोनदा मोजल्याने गोळ्या वाढत नाहीत हे त्याला कळत होतं, पण माणूस बुडायला लागला की काडीही दोनदा चाचपून बघतो.

"लंके, काल सतरा हुत्या. आज तेरा हायत."

"मग मी खाल्ल्या व्हय?" त्याची बायको लंका चुलीपुढून म्हणाली. "आत्यांला, तुमच्या आयेला इचारा. सकाळच्या पारी झुंबरबाई आल्ती, तिची सून आल्ती, सुनंची आई आल्ती आन् त्यांला सोडायला आलेला टेम्पोवाला."

"टेम्पोवाल्याला कशाला?"

"त्यो दारात उभा हुता. दारातल्या मानसाला प्रसाद न द्यायचा म्हंजी काय?"

गहिनीनाथ मटकन ओट्यावर बसला. दिवाळीला अजून तीन महिने होते आणि मुंबईहून पुढची बाटली दिवाळीशिवाय येणार नव्हती. रोजच्या दोन गोळ्या, हातात तेरा. हिशेब शाळेतल्या पोरालाही जमला असता आणि तो जमल्यावर पोरगं रडलं असतं.

मुळात त्या गोळ्या प्रसाद नव्हत्याच. ते औषध होतं आणि ते गहिनीनाथचं एकट्याचं होतं.

दीड वर्षापूर्वी, म्हणजे अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात, तिसगावच्या आडत्याच्या काट्यावर गहिनीनाथ एकशे बेचाळीस किलो भरला होता. आडत्याने पोतं समजून बारदानाचं वजन वजा करू का, असंही विचारलं होतं. गहिनीनाथ एसटीत कंडक्टर. दोन बाकांमधली वाट ज्या साहेबाने आखली, त्याने गहिनीनाथला पाहिलेलं नव्हतं. तो दारापाशी उभा राही आणि तिकिटं हातोहात मागच्या बाकापर्यंत जात. गुडघे गेले, धाप लागायला लागली, झोपेत श्वास अडकायला लागला. शेवटी डेपोच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा माणूस चाळिशी बघणार नाही. तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता.

लंकेचा भाऊ मुंबईच्या एका दवाखान्यात वॉर्डबॉय होता. तिथले एक मोठे डॉक्टर परदेशातून जाड माणसाचं पोट लहान करायचं नवं ऑपरेशन शिकून आले होते. त्यांना ते करून घ्यायला तयार होणारा माणूस मिळत नव्हता आणि गहिनीनाथमध्ये नाही म्हणण्याइतका दम उरला नव्हता. असा दोघांचा योग जुळला. छातीपासून बेंबीपर्यंत फाडून डॉक्टरांनी पोटाची वाटी केली, आतड्याची जोडणी बदलली आणि निघताना त्याला समोर बसवून सांगितलं,

"आता अन्न थोडंच जाईल, आणि गेलेलंही सगळं अंगी लागणार नाही. म्हणून ही जीवनसत्त्वांची गोळी. सकाळी एक, संध्याकाळी एक, चावून खायची. वर्षभर नाही, दोन वर्षं नाही. जन्मभर. एखाद्या वेळी जेवण चुकलं तर चालेल, पण गोळी चुकवू नका. चुकवलीत तर आधी पायाला मुंग्या येतील, मग तोल जाईल, मग…" डॉक्टर तिथे थांबले. पुढचं त्यांनी सांगितलं असतं तरी गहिनीनाथ इतका घाबरला नसता.

हे सगळं घरात लंकेशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. गहिनीनाथची आई, बनुबाई, हिचा धाकटा भाऊ ऐन तारुण्यात ऑपरेशनच्या टेबलावर गेला होता. तेव्हापासून तिची शपथ होती, "माझ्या लेकराच्या पोटाला सुरी लागली, तर त्याच दिशी मी अन्न सोडीन." आणि बनुबाई बोललेलं करायची. थोरल्या जावेशी बोलायचं नाही असं एकदा म्हणाली, ती जाऊ वारली तेव्हा तिच्यासाठी धाय मोकलून रडली, पण बोलली नाही. स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते, तेही तिने सुरीच्या भीतीने तसेच ठेवले होते. माणसाला ती आवाजाने नाहीतर हाताने ओळखी. तेव्हा गहिनीनाथने घरी ट्रेनिंगला जातो म्हणून सांगितलं, पोट शिवून परत आला आणि त्या दिवसापासून गंजिफ्रॉक अंगातून काढला नाही.

आठ महिन्यांत एकशे बेचाळीसचे चौऱ्याऐंशी झाले. सगळं सुरळीत होतं. मग एका सकाळी बनुबाईने कुडुमकुडुम असा आवाज ऐकला.

"काय खातूयास रं गहिन्या?"

"काय न्हाई आये. गोळी."

"कसली गोळी? काल बी खाल्ली. परवा बी. रोज गोळी कशापायी?"

आता रोज गोळी, तीही जन्मभर, असं म्हटलं असतं तर बनुबाईने असाध्य रोगाची रडारड सुरू केली असती आणि दुपारपर्यंत तिसगावची निम्मी माणसं भेटायला आली असती. गहिनीनाथला घाम फुटला. घाबरलेल्या माणसाला जी पहिली थाप सुचते ती सगळ्यात वाईट असते.

"नाथांच्या मढीच्या वाटंला एक गोसावी भेटला हुता," तो म्हणाला. "त्यानं दिल्यात. नाथांचा प्रसाद हाय. रोज खायचा म्हनला."

बनुबाईने दोन्ही हात कपाळाला लावले. तिचे डोळे भरून आले. "म्हंजी त्या प्रसादानं तू बारीक झालास! आन् ह्ये मला आज सांगतूस?" मग एकाएकी तिचा चेहरा बदलला. "आन् एकटा खातूस? गहिन्या, प्रसाद एकट्यानं खायचा नसतो रं. पाप लागतं!"

त्या दिवशी बाटली देव्हाऱ्यात गेली. गोळ्या पितळी डबीत भरल्या गेल्या, डबीला हळदकुंकू लागलं, आणि संध्याकाळी शेजारच्या झुंबरबाईला पहिला प्रसाद मिळाला. झुंबरबाई म्हणजे तिसगावचं वर्तमानपत्र. दुसऱ्या दिवशी अंगणात सात बायका होत्या, तिसऱ्या दिवशी बारा आणि त्यांच्या मागे संकोचून उभा असलेला सूर्यभान.

सूर्यभान हा गहिनीनाथच्याच गाडीवरचा ड्रायव्हर. एसटीच्या रिवाजाप्रमाणे तो त्याला मास्तर म्हणे. "मास्तर, एवढं दिवस एका गाडीवर हावोत," तो दुखावल्या आवाजात म्हणाला, "आन् तुमी एकट्यानं बारीक झालात. मला एका शब्दानं बोलला न्हाईत."

शंकाखोर माणसं प्रत्येक गावात असतात, तशी तिसगावातही होती. पण गोळीने त्यांचंही तोंड बंद केलं. ती खाल्ली की घटकाभरात लघवी हळदीसारखी पिवळीजर्द होते. गहिनीनाथला डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं, ताकदीच्या गोळीचा रंग आहे, घाबरू नका म्हणून. गावाला कुणी सांगितलं नव्हतं. बनुबाईने मात्र क्षणात निवाडा केला.

"चरबी उतरतीय. तूप कसं पिवळं असतं? तसंच."

त्या संध्याकाळी शंकाखोरही अंगणात येऊन बसले.

लंका हिकमती होती. तिने किराणा दुकानातून पिवळ्या लिमलेटच्या गोळ्या आणून डबीत भरल्या आणि खऱ्या गोळ्या तांदळाच्या डब्यात पुरल्या. तीन दिवस गहिनीनाथने सुखाने चावून खाल्ल्या. चौथ्या दिवशी अंगणात बायकांचं शिष्टमंडळ आलं.

"आजी, पिवळं व्हायचं थांबलं."

बनुबाईने डबीतली गोळी नाकाशी नेली. खऱ्या गोळीला असा वास होता की एकदा घेतला की माणूस विसरत नसे. लिमलेटला लिंबाचा वास येत होता. बनुबाई उठली, भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेली, एकेक डबा हुंगत तांदळाच्या डब्यापाशी थांबली आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

"देवाला फसवतूस, गहिन्या?" एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून गोळ्या तिच्या कमरेच्या चंचीत राहू लागल्या. चंची ती आंघोळीलाही खुंटीला लावत नसे.

"आये, मला तरी दे की. माज्याच हायत त्या."

"देते की. पर आधी आलेलं पाव्हनं, मग घरची. आपल्या घरात आजवर घरची मानसं आधी जेवल्यात का कधी?"

जेवली नव्हती. पाहुणे उठल्याशिवाय त्या घरात पान पडत नसे, आणि अंगणातले पाहुणे आता उठतच नव्हते. गहिनीनाथची पाळी येई तेव्हा चंची रिकामी असे, नाहीतर ड्युटीची वेळ झालेली असे.

गहिनीनाथने रंगनाथचं मेडिकल गाठलं. रंगनाथने रिकामी बाटली उलटसुलट करून पाहिली. "ही कंपनी आपल्याकडं येत न्हाई. कॅप्सूल घ्या, त्यात बी ह्येच असतं." गहिनीनाथने ती पाथर्डीच्या वाटेवर चालत्या गाडीत गिळली. वाटीएवढ्या पोटाने कॅप्सूल ओळखली नाही. ती जशी गेली तशी परत आली आणि येताना सकाळचा अर्धा घास घेऊन आली. पुढच्या बाकावरची म्हातारी तिकिटाचं विसरून त्याची पाठ चोळत राहिली.

त्याने मेव्हण्याला पत्र टाकलं. मेव्हण्याने घाईने एक जादा बाटली एसटीच्या पार्सलने धाडली. पार्सल डेपोत आलं आणि सूर्यभानने ते आपुलकीने थेट घरी नेऊन बनुबाईच्या हातात दिलं. "मास्तर, तुमचं वझं हलकं केलं," तो म्हणाला. गहिनीनाथला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तसंही ते चार घासच असायचं.

श्रावण सरता सरता पायाला मुंग्या आल्या. आधी बोटांना, मग तळव्यांना, मग घोट्यापर्यंत. कंगव्याला केसांची गुंतवळ यायला लागली. एकदा डबल बेल द्यायची सोडून तो दांडा धरून उभ्याउभ्या झोपला आणि गाडी तिसगावच्या स्टँडवर दहा मिनिटं नुसती घुरघुरत राहिली. तोंड ओढलं, डोळे खोल गेले. जो तो थांबून कौतुकाने म्हणे, "मास्तर, अजून बारीक झालात की! काय पावर हाय प्रसादाची!"

आणि गाव? गावाला भूक लागली होती. ज्यांना काही कमी नव्हतं त्यांना ताकदीची गोळी मिळाली होती, ती आपलं काम करत होती. झुंबरबाई भाकरी मोजायची विसरली. सूर्यभानचं पोट स्टिअरिंगला टेकायला लागलं, वळणावर त्याला श्वास आत ओढून चाक फिरवावं लागे.

"आजी, बारीक व्हायचं दूरच, भूक लई खवळलीय," त्याने एकदा तक्रार केली.

"खवळंलच," बनुबाई म्हणाली. "ती आत दडून बसल्याली हुती. आता भायेर निघायलीय. सारी निघाली की थांबंल. रोज येत जा."

त्या आठवड्यात गाडीच्या पायरीवरून उतरताना गहिनीनाथचा पाय कुठे पडला ते त्यालाच कळलं नाही. तो तिकिटपेटीसकट स्टँडच्या धुळीत पडला. दोघांनी उचलून घरी आणलं. लंकेने कोपराला हळद लावली आणि मग तिचा बांध फुटला.

"बास झालं आता! खरं सांगून टाका. आत्यांनी अन्न सोडलं तर मी पाया पडून भरवीन. पर तुमी असं पडत ऱ्हायलात तर तुमाला कोन उचलायचं? हलके झाला म्हनून काय फूल झाला व्हय?" तिचा आवाज फाटला. "डाक्टरनी पुढचं सांगितलं न्हाई ना, ते मला ऐकायचं न्हाई."

गहिनीनाथ भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. एकीकडे आईचा जीव आणि एकीकडे आपला. यातला कुठला आधी द्यायचा, एवढंच काय ते त्याच्या हातात उरलं होतं. ज्या पोटापायी मरत होतो ते कापलं, आणि आता कापलं हे सांगता येत नाही म्हणून मरतोय. त्याला स्वतःची इतकी कीव आली की रडूही आलं नाही.

गुरुवारी अंगण भरलं होतं. बनुबाई ओट्यावर चंची सोडून बसली होती. गहिनीनाथ भिंत धरून बाहेर आला, ओट्याच्या मधोमध उभा राहिला आणि ओरडला,

"थांबा समदी! ह्यो प्रसाद न्हाई! ह्ये औषध हाय, माजं औषध! गोसावी-बिसावी कुनी न्हाई. मी मुंबईला जाऊन पोट कापून घेतलंय. ह्ये बगा!"

आणि त्याने दीड वर्षात पहिल्यांदा गंजिफ्रॉक वर केला. छातीपासून बेंबीपर्यंत व्रण होता, दोरी लावून आखल्यासारखा सरळ. टेम्पोवाल्याने टोपी काढली.

बनुबाई सावकाश उठली. गहिनीनाथला वाटलं, आता ही म्हणेल, आजपासून अन्न वर्ज्य. ती जवळ आली, हात पुढे करून तिने व्रण शोधला आणि वरून खाली त्यावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"गहिन्या, तू निजला हुतास का तवा?"

"व्हय. त्यांनी भूल दिल्ती."

"मग तुला काय दिसनार, कुनाचा हात हुता त्यो?" ती गर्दीकडे वळली. "ह्ये मानसाच्या हातचं काम न्हाई. मानसानं फाडलं असतं तर लेकरू परत आलं नसतं. मानसाच्या हातानं ह्ये जमत असतं, तर माजा भाऊ आज असता."

तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. गहिनीनाथने गंजिफ्रॉक खाली ओढला. मागून झुंबरबाई गहिवरून म्हणाली, "नाथांनी सोता टाकं घातलं गं बाई!" आणि अंगणातली सगळी माणसं खाली वाकली. पहिला सूर्यभान वाकला, पण पोट आडवं आल्याने त्याला अर्ध्यातच थांबावं लागलं.

पुढच्या गुरुवारी तिसगावबाहेरून माणसं आली. जीप आल्या. रंगनाथने मागणी बघून मुंबईहून त्याच कंपनीची अख्खी पेटी मागवली. ते ऐकून गहिनीनाथ मुंग्या आलेल्या पायांनी, भिंती धरत, मेडिकलपर्यंत गेला.

"रंगनाथ, एक बाटली. फकस्त एक."

रंगनाथने खाली बघितलं. "समद्या गेल्या, मास्तर. लोकं इकत घेत्यात आन् तुमच्या आईपुढं नेऊन ठिवत्यात. तिच्या हातनं घेतल्याबिगर गुन येत न्हाई म्हनत्यात."

"अरं, माज्यासाठी एखादी बाजूला ठिवायची!"

"ठिवल्याली की. काल आजी सोता आल्या. म्हनल्या, गहिन्याचीच हाय ना, मग दे हिकडं. घरचीच वस्तू, पाव्हन्यांला कमी पडायली." रंगनाथने कान धरले. "आजीला न्हाई म्हनायचं माज्यात धाडस न्हाई. तुमच्यात तरी हाय का?"

नव्हतं.

घरी आला तेव्हा ओट्यापासून रस्त्यापर्यंत रांग लागली होती. गर्दी वाढली म्हणून बनुबाई आता अर्धी अर्धी गोळी देत होती. दार माणसांनी भरलं होतं, आत जायलाही वाट नव्हती. गहिनीनाथ कोपऱ्यावर उभा राहून आपल्याच घराकडे बघत राहिला. मग तो मागच्या बाजूने परसात गेला. लंका तिथे भांडी घासत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, उठली, दोरीवरचं जुनं घोंगडं काढलं आणि त्याच्या डोक्यावरून पांघरलं.

तो रांगेत सगळ्यात शेवटी उभा राहिला. पुढे टेम्पोवाला होता. त्याने ओळखलं नाही. रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती, तशाच मुंग्या पायात चालल्या होत्या. दोनदा तोल गेला, दोनदा टेम्पोवाल्याने "जपून, बाबा" म्हणत सावरलं. शेवटी त्याचा नंबर आला. त्याने घोंगड्यातून हात पुढे केला.

बनुबाईने हात धरला आणि ती थांबली. मनगट तिच्या मुठीत सगळं मावलं. नव्याने सुटलेल्या कातडीवर तिचा अंगठा फिरला.

"लईच वाळलास रं बाबा. कुठला तू?"

"लांबचा हाय, मावशी." त्याचा आवाज इतका बसला होता की बदलावा लागला नाही.

"घरी माय हाय का?"

"हाय."

"मग तिचं ध्यान न्हाई व्हय तुज्याकडं?"

गहिनीनाथने घोंगडं पुढे ओढलं. "हाय की. पर तिच्या दारात मानसं लई असत्यात."

बनुबाईने जीभ चुकचुकवली. चंचीच्या पार तळाशी बोटं घालून तिने दोन गोळ्या काढल्या, दोन्ही आख्ख्या, आणि त्याची मूठ दोन्ही हातांनी मिटवून दिली.

"एक आता खा, एक सांजच्याला. कुनाला सांगू नगंस. आन् उद्या बी ये, रोज ये, मी तुज्यासाठी काढून ठिवीन." मग घराकडे मान वळवून ती कडाडली, "गहिन्या! आरं ए गहिन्या! भायेर येऊन बग, जगात मानसं कशी झाल्यात! तुला मातूर समदं मिळून बी गोळीची हाव सुटत न्हाई!"

"आलो, आये," हे सवयीने त्याच्या ओठावर आलं होतं. ते त्याने घाईघाईने गोळीबरोबर चावून टाकलं.